पिशाच्च येण्याआधीचे घर : ‘डार्क शॅडोज’चा पहिला भाग

‘डार्क शॅडोज’ ही अमेरिकी मालिका एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी, सोमवारी दुपारी चार वाजता सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. पावणेपाच वर्षांत तिचे १,२२५ भाग झाले. दुपारच्या वेळी, घरकाम उरकून बसलेल्या गृहिणींसाठी दाखवल्या जाणाऱ्या सोप ऑपेरांच्या रांगेत भुतेखेते, चेटूक, शापित घराणी आणि कालप्रवास आणणारी मालिका म्हणून तिची ख्याती आहे. तिचे नाव घेताच डोळ्यांसमोर येतो तो बार्नबस कॉलिन्स, म्हणजे जोनाथन फ्रिड या नटाने साकारलेला पावणेदोनशे वर्षांचा व्हॅम्पायर. मात्र बार्नबस पडद्यावर आला तो २११व्या भागात, १८ एप्रिल १९६७ रोजी. तोवर मालिका सुरू होऊन जवळपास दहा महिने उलटले होते.

त्या दहा महिन्यांकडे पुढे फारसे कुणी पाहिले नाही. १९७५ नंतर अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांवर मालिका पुन्हा दाखवली जाऊ लागली तेव्हा प्रक्षेपण बहुधा बार्नबसची शवपेटी उघडते त्या २१०व्या भागापासून सुरू होई. आधीचे २०९ भाग गोदामात पडून राहिले. त्यामुळे मालिकेच्या चाहत्यांतही असे पुष्कळजण होते, ज्यांनी तिची सुरुवात कधी पाहिलीच नव्हती. व्हॅम्पायर येईपर्यंतचा तो मजकूर म्हणजे अडखळत केलेली तयारी, अशी समजूत त्यातून रुजली. पहिला भाग नीट पाहिला की ती टिकत नाही. या भागात भूत नाही, प्रेत नाही, रक्ताचा थेंबही नाही. तरीही पुढच्या १,२२४ भागांना पुरेल एवढी भीती त्याने एका घराच्या दारापर्यंत आणून ठेवली आहे, आणि ती माणसांच्या वागण्यातून उभी केली आहे.

मालिकेचा निर्माता डॅन कर्टिस तोवर भयकथांसाठी ओळखला जात नव्हता. दूरचित्रवाणीवर गोल्फचे कार्यक्रम करणारा म्हणून त्याचे नाव होते. १९६५ साली पडलेल्या एका स्वप्नातून मालिका सुचली, असे तो सांगत असे. लांब काळ्याभोर केसांची एक तरुणी आगगाडीत बसली आहे. एका दूरच्या, जुन्या घरात मुलाला शिकवण्या-सांभाळण्याच्या नोकरीसाठी ती निघाली आहे. रात्रीच्या अंधारात एका निर्जन स्थानकावर गाडी थांबते आणि ती उतरते. स्वप्न एवढेच. कर्टिसने ते एबीसीच्या लोकांपुढे मांडले आणि वाहिनीने त्यावर विश्वास टाकला. तीन मोठ्या वाहिन्यांत एबीसी तेव्हा सर्वांत मागे होती आणि दुपारच्या मालिकांत सीबीएसचे वर्चस्व होते. जो मागे असतो त्याला वेगळे काही करून पाहण्याची मुभा अधिक मिळते.

स्वप्नाला कथेचा आकार दिला तो लेखक आर्ट वॉलेस याने. त्याने ‘शॅडोज ऑन द वॉल’ या नावाने मालिकेचा सविस्तर आराखडा तयार केला. त्यात पात्रे, त्यांचे भूतकाळ, एकमेकांपासून लपवलेल्या गोष्टी आणि कथेच्या वाटा लिहिलेल्या होत्या. पहिले चाळीस भाग, म्हणजे पूर्ण आठ आठवडे, त्याने एकट्याने लिहिले. सोप ऑपेरात हे क्वचितच घडते. तिथे लेखकांची फळी असते आणि संवाद एका हातून दुसऱ्या हातात फिरतात. इथे सुरुवातीच्या भागांत एकाच माणसाचा आवाज आहे, म्हणून पात्रे एकमेकांशी बोलताना काय टाळतात यावर लेखकाची पकड राहते. वॉलेसने १९५० च्या दशकात ‘द हाउस’ नावाचे दूरचित्रवाणी नाटक लिहिले होते. नवरा नाहीसा झाल्यापासून वर्षानुवर्षे घराबाहेर पाऊल न टाकलेली बाई त्याच्या केंद्रस्थानी होती. तीच बाई थोड्या बदलाने ‘डार्क शॅडोज’मध्ये एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड होऊन आली. कर्टिसच्या स्वप्नातली मुलगी आगगाडीतून येते आणि वॉलेसच्या नाटकातली बाई खिडकीतून तिची वाट पाहते. दोन वेगळ्या माणसांच्या कल्पना पहिल्या भागात अशा समोरासमोर येतात.

दोघांच्या मागे एक जुनी परंपरा होती. होरेस वॉल्पोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४ साली आली आणि गॉथिक कादंबरीची सुरुवात तिथून धरली जाते. पडका किल्ला, घराण्यावरचा शाप, भिंतीवरची तसबीर, बंद दालने हे सामान तेव्हापासूनचे. अ‍ॅन रॅडक्लिफने त्यात एकाकी तरुणीला मध्यभागी आणले. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ने १८४७ साली त्या तरुणीला नोकरी दिली. ती अनाथ आहे, पगारावर काम करते, मालकाच्या घरात राहते आणि त्या घराच्या वरच्या मजल्यावर काय आहे हे तिला कुणी सांगत नाही. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) मुलांना सांभाळणारी बाईच जे पाहते त्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो. डॅफ्नी द्यु मोरियेच्या ‘रेबेका’त (१९३८) घरावर मेलेल्या बायकोची सत्ता चालते. हिचकॉकने १९४० मध्ये त्यावर चित्रपट केला आणि त्यानंतरच्या दशकात हॉलिवूडमध्ये मोठ्या घरात अडकलेल्या बायकांच्या चित्रपटांची लाटच आली.

१९६० साली व्हिक्टोरिया होल्टची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ प्रसिद्ध झाली आणि हा प्रकार स्वस्त पेपरबॅक पुस्तकांच्या रूपाने पुन्हा बहरला. औषधांच्या दुकानांत, बसस्थानकांवर, वाणसामानाच्या दुकानांतल्या फिरत्या मांडण्यांवर ही पुस्तके मिळत. त्यांची मुखपृष्ठे एकाच साच्यातली असत : पुढे घाबरून पळणारी तरुणी, मागे काळोखी हवेली आणि त्या हवेलीच्या एकाच खिडकीत दिवा. ही पुस्तके विकत घेणाऱ्या बायका आणि दुपारी सोप ऑपेरा पाहणाऱ्या बायका मोठ्या प्रमाणात त्याच होत्या. एबीसीच्या निर्णयामागे हा हिशेब नक्कीच असणार. मालिका सुरू झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीपासून ‘मॅरिलिन रॉस’ या टोपणनावाने तिच्यावरच्या कादंबऱ्याही निघू लागल्या आणि त्या त्याच मांडण्यांवर जाऊन बसल्या.

सोप ऑपेरा हा प्रकार मुळात रेडिओवरचा, १९३० च्या दशकातला. साबण बनवणाऱ्या कंपन्या त्याचा खर्च उचलत. ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली आणि १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. दूरचित्रवाणीवरचे भाग आधी पंधरा मिनिटांचे असत. १९५६ पासून अर्ध्या तासाच्या दैनंदिन मालिका सुरू झाल्या आणि या प्रकाराची लय ठरली : सावकाश, रोज थोडे, कुठलीही गोष्ट एका झटक्यात न सांगणे. स्वयंपाकघर, दवाखाना, वकिलाची कचेरी ही त्याची नेहमीची ठिकाणे. प्रेक्षकाचे लक्ष मधूनच उडेल हे लेखकाने गृहीत धरलेले असे, म्हणून महत्त्वाची माहिती दोन-तीनदा वेगवेगळ्या तोंडून सांगितली जाई.

गॉथिक कथेला हा संथपणा फार मानवतो. कादंबरीत वाचक बंद खोलीपाशी दोन प्रकरणे थांबतो. दीड तासाच्या चित्रपटात तेवढी सवड नसते. दैनंदिन मालिकेत ती खोली महिनोन्महिने बंद ठेवता येते. ‘डार्क शॅडोज’ने तळघरातली एक कुलूपबंद खोली जवळजवळ वर्षभर उघडली नाही. पुनरुक्तीचाही इथे उपयोग झाला. एकाच जुन्या घटनेबद्दल चारजण चार तऱ्हांनी बोलतात तेव्हा सोप ऑपेरात ती उजळणी असते. रहस्यकथेत त्यातूनच संशय वाढतो. वॉलेसने दोन्ही एकत्र गुंफले.

पहिल्या भागाची सुरुवात व्हिक्टोरिया विंटर्सच्या आवाजाने होते. तिची भूमिका करणारी अलेक्झांड्रा मोल्टके ही तेव्हा अगदी नवखी अभिनेत्री. व्हिक्टोरिया स्वतःचे नाव सांगते आणि हा प्रवास आपल्या आयुष्याची दारे उघडेल अशी आशा बोलून दाखवते. अशा निवेदनाने भाग सुरू करण्याचा शिरस्ता पुढे वर्षभर चालला. त्या वेळच्या इतर सोप ऑपेरांत कथा कुणाच्या नजरेतून दिसते हे ठरलेले नसे. इथे ते पहिल्याच मिनिटाला ठरते. प्रेक्षकाने व्हिक्टोरियाच्या शेजारी बसायचे आहे आणि तिला जेवढे माहीत आहे तेवढेच जाणून पुढे जायचे आहे.

तिला माहीत असलेले फारच थोडे आहे. ती न्यूयॉर्कच्या एका अनाथाश्रमात वाढली. तान्ही असताना तिला तिथे कुणीतरी ठेवून गेले. सोबतच्या चिठ्ठीत तिचे नाव होते. ते दिवस हिवाळ्याचे होते म्हणून आश्रमाने तिला विंटर्स हे आडनाव दिले. नंतर काही वर्षे मेन राज्यातल्या बँगॉरचा शिक्का असलेल्या पाकिटांतून तिच्या नावे पैसे येत राहिले. आता त्याच मेनमधून, कॉलिन्सपोर्ट नावाच्या मासेमारीच्या गावातून, पूर्ण अनोळखी बाईचे पत्र आले आहे. घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी तिने व्हिक्टोरियाला बोलावले आहे. या बाईला आपले नाव कुठून कळले, या एका प्रश्नापायी व्हिक्टोरिया न्यूयॉर्क सोडते. आश्रमातले दिवस मधल्या आठवणींच्या दृश्यांतून दिसतात. ती दृश्ये छोटी आहेत आणि थोडी घाईची वाटतात, पण त्यांच्यामुळे एक गोष्ट पक्की होते : या मुलीला परत जाण्यासारखे घर नाही. गॉथिक कथेतल्या नायिकेला पळून जाता येत असूनही ती का थांबते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. इथे त्याचे उत्तर आधीच दिले आहे.

याच गाडीत बर्क डेव्हलिन आहे. मिचेल रायनने साकारलेला हा माणूस दहा वर्षांनी गावी परततो आहे. दोघे एकाच स्थानकावर उतरतात, तो तिला गावातल्या कॉलिन्सपोर्ट इनपर्यंत सोबत देतो, आणि गावात त्याच्याकडे ज्या नजरांनी पाहिले जाते त्यावरून प्रेक्षकाला कळते की त्याच्या येण्याने कुणाची तरी झोप उडणार आहे. दहा वर्षांपूर्वी मोटारीखाली एक माणूस मेला, बर्क तुरुंगात गेला आणि त्याला तिथे पोचवणारी साक्ष कॉलिन्स घराण्यातल्या रॉजरची होती, हा तपशील पुढच्या भागांत हळूहळू उलगडतो. तुरुंगातून सुटून तो श्रीमंत झाला आणि आता कॉलिन्स घराण्याचा हिशेब चुकता करायला आला आहे. पहिल्या भागात तो एका गुप्तहेराला भेटतो आणि त्या घराबद्दलची माहिती गोळा करतो, एवढेच दिसते.

या दोन आगमनांची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. व्हिक्टोरियाला भूतकाळ नाही आणि ती त्याच्या शोधात आहे. बर्कला भूतकाळ पुरता माहीत आहे आणि तो त्याची किंमत वसूल करायला निघाला आहे. एका गाडीने दोघांना एकाच घराकडे आणले आहे. पुढच्या वर्षभरात या घरातल्या प्रत्येकाला या दोघांपैकी एकाची तरी भीती वाटत राहते. अलौकिक काहीही न आणता गॉथिक कथेचे मुख्य सूत्र, म्हणजे गाडलेल्या गोष्टी वर येणे, वॉलेसने असे दोन प्रवाशांच्या रूपात मांडले.

इनच्या उपाहारगृहात मॅगी एव्हान्स काम करते. कॅथरिन ली स्कॉटने ही भूमिका केली. पहिल्या भागात तिने सोनेरी केसांचा टोप घातला होता आणि तिचे बोलणे बेधडक, थोडे फटकळ होते. टोपही पुढे गेला आणि फटकळपणाही. मॅगी मालिकेतली सर्वांत प्रेमळ व्यक्ती झाली. व्हिक्टोरिया कॉलिनवुड या कॉलिन्स घराण्याच्या हवेलीत नोकरीला चालली आहे हे ऐकताच मॅगी तिला वेडी ठरवते. इथे लेखकाने फार जुनी युक्ती वापरली आहे. किल्ल्याकडे निघालेल्या प्रवाशाला खानावळीतली माणसे अडवू पाहतात, हे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’तही आहे. फरक असा की मॅगीचा इशारा भुतांबद्दल नसून माणसांबद्दल आहे. तिच्या लेखी वरच्या टेकडीवर राहणारे लोक विचित्र आहेत, आणि हे ती कॉफी देता देता, गावातल्या इतर गोष्टी सांगाव्या तशा सहज सुरात सांगते. भीती अशी रोजच्या बोलण्यातून आली की ती दुपारच्या प्रेक्षकांच्या अंगावर अधिक येते.

मधून मधून कॅमेरा कॉलिनवुडच्या दिवाणखान्यात जातो. एलिझाबेथ खिडकीशी उभी आहे. तिचा भाऊ रॉजर, म्हणजे लुई एडमंड्स, मद्याचा पेला हातात घेऊन तिच्याशी वाद घालतो. अनोळखी मुलीला घरात आणणे त्याला पसंत नाही. ज्या मुलासाठी तिला बोलावले आहे तो डेव्हिड हा त्याचाच मुलगा, तरी निर्णय बहिणीचा आहे, कारण घर आणि पैसा तिचा आहे. रॉजर सुसंस्कृत, उपहासाने बोलणारा आणि आतून भेदरलेला आहे. एडमंड्सने त्याच्या आवाजात जो उर्मटपणा आणला तो ऐकताना हा माणूस काहीतरी लपवतो आहे हे कुणी सांगावे लागत नाही. एलिझाबेथ अठरा वर्षे या घराच्या हद्दीबाहेर गेलेली नाही हेही सुरुवातीच्या संवादांतच कानावर पडते. त्याचे कारण मात्र तिच्या सख्ख्या मुलीलाही ठाऊक नाही.

एलिझाबेथच्या भूमिकेसाठी कर्टिसने जोन बेनेट हिला आणले, आणि पहिल्या भागाचे निम्मे वजन या निवडीत आहे. बेनेट हॉलिवूडची मोठी तारका होती. फ्रिट्झ लँगच्या ‘द वुमन इन द विंडो’ (१९४४) आणि ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५) या चित्रपटांतल्या तिच्या भूमिका आजही नॉयर चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्यांना पाहाव्या लागतात. लँगच्याच ‘सीक्रेट बियाँड द डोअर’मध्ये ती नवऱ्याच्या घरातल्या कुलूपबंद खोलीमागचे रहस्य शोधणारी बायको होती. दोन दशकांनी ‘डार्क शॅडोज’मध्ये तीच अभिनेत्री कुलूपबंद खोलीची किल्ली जपणारी घरमालकीण झाली. जुने चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला हा बदल जाणवल्याशिवाय राहत नाही. तिच्या दर्जाची चित्रपटतारका रोजच्या दुपारच्या मालिकेत काम करायला येणे ही तेव्हा विशेष बाब होती. श्रेयनामावलीत तिचे नाव आघाडीवर झळकत असे. पहिल्या भागात ती फार कमी हालते. ताठ मान, मोजके शब्द, खिडकीबाहेर लागलेली नजर. घर सोडू न शकणाऱ्या बाईचे शरीर कसे असेल हे तिने पक्के जोखले आहे.

भागाच्या शेवटी व्हिक्टोरिया कॉलिनवुडच्या मोठ्या दाराशी पोचते. दार उघडते, एलिझाबेथ समोर असते, दोघी एकमेकींना नावाने ओळखतात आणि व्हिक्टोरियाला आत बोलावले जाते. अर्ध्या तासाच्या जागेत घडलेली मुख्य घटना एवढीच : एक मुलगी आगगाडीतून निघाली आणि एका घराच्या उंबऱ्यापर्यंत आली. डेव्हिड अजून दिसलेला नाही. तो चौथ्या भागात येतो. एलिझाबेथची मुलगी कॅरोलिनही या भागात नाही. घर आतून नीट पाहायला मिळालेले नाही. पुढचे काही भाग याच एका रात्रीत रेंगाळतात. उतावीळ प्रेक्षकाला हा वेग जड जातो हे खरे, आणि काही दृश्यांत संवाद गरजेपेक्षा लांबतातही. पण दार उघडण्याआधी इतका वेळ घेतल्यामुळेच ते उघडताना त्याला अर्थ येतो.

हा भाग लेला स्विफ्ट यांनी दिग्दर्शित केला. अमेरिकी दूरचित्रवाणीत दिग्दर्शक म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. स्विफ्ट थेट प्रक्षेपित नाटकांच्या काळापासून या क्षेत्रात होत्या. जॉन सेडविक यांच्याशी पाळ्या वाटून त्यांनी ही मालिका उभी केली आणि १९७१ मधला शेवटचा भागही त्यांनीच केला. थेट प्रक्षेपणाचा अनुभव इथे कामी आला, कारण मालिका टेपवर मुद्रित होत असली तरी चित्रीकरण जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखेच असे. त्या काळची दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप संपादित करायची तर ती प्रत्यक्ष कापून जोडावी लागे. ते काम वेळखाऊ होते आणि कापलेली टेप पुन्हा वापरणे अवघड होई. म्हणून सकाळी तालीम, मग कॅमेऱ्यांसह तालीम आणि दुपारनंतर जाहिरातींच्या जागा सोडून सलग मुद्रण, असा रोजचा क्रम होता. संवाद विसरला, बूम माइकची सावली भिंतीवर पडली, सेटची भिंत हलली, तरी बहुधा काम थांबत नसे. पुढे या चुका चाहत्यांना प्रिय झाल्या. पहिल्या भागात त्या कमी आहेत आणि तालमीला वेळ मिळाल्याचे जाणवते.

मुद्रण न्यूयॉर्कमधल्या एबीसीच्या स्टुडिओत होई. सेट साय टोमाशॉफ यांचे. कॉलिनवुडचे प्रवेशदालन, जिना आणि लागूनचा दिवाणखाना त्यांनी अशा रीतीने उभा केला की कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागेत न थांबता जाऊ शकेल. स्टुडिओबाहेरची चित्रे मात्र खऱ्या जागांची आहेत. कॉलिनवुड म्हणून बाहेरून दिसते ती ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची सीव्ह्यू टेरेस ही हवेली, १९२० च्या दशकात बांधलेली. शीर्षकाच्या वेळी खडकांवर फुटणाऱ्या लाटाही न्यूपोर्टच्याच. कॉलिन्सपोर्ट इन म्हणून कनेटिकटमधल्या एसेक्स गावातली ग्रिझवल्ड इन दाखवली गेली. मेनचा किनारा असा दुसऱ्या दोन राज्यांतून जुळवला आहे, आणि कृष्णधवल चित्रात तो जुळूनही जातो. मालिका रंगीत झाली ती ऑगस्ट १९६७ मध्ये, २९५व्या भागापासून. सुरुवातीच्या भागांना रंगांचा अभाव उपकारकच ठरला. सावल्या गडद राहिल्या आणि स्टुडिओतले पुठ्ठ्याचे दगड खऱ्या दगडांसारखे दिसले. रॉबर्ट कोबर्टच्या संगीताने उरलेले काम केले. त्याची शीर्षकधून एका थरथरत्या, लांबवर ओढलेल्या सुरावर उभी आहे, आणि त्या वेळच्या सोप ऑपेरांतल्या ऑर्गनच्या संगीतापेक्षा ती इतकी वेगळी आहे की दूरचित्रवाणी संच दुसऱ्या खोलीत असला तरी कुठली मालिका लागली हे कळावे.

पहिल्या भागाने पेरलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले हे पाहिले तर मालिकेचा स्वभाव उमगतो. बर्क आणि रॉजरच्या वैरातून एक खून झाला. कॉलिन्स घराण्याच्या मासेमारी व्यवसायाचा व्यवस्थापक बिल मलॉय त्यात गेला. डेव्हिडने बापाच्या गाडीचा ब्रेक निकामी करून त्याला मारायचा प्रयत्न केला, आणि दुपारच्या मालिकेत लहान मुलाला असे करताना दाखवणे हे १९६६ साली धाडसाचे होते. रात्री तळघराकडून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येई, तो माणसाचा की आणखी कशाचा हे बराच काळ धूसर ठेवले गेले. ७०व्या भागात, जुन्या पडक्या घरातल्या तसबिरीतून जोसेट नावाच्या स्त्रीचे भूत उतरले आणि मालिकेने एक रेषा ओलांडली. डिसेंबर १९६६ मध्ये रॉजरची बायको लॉरा परतली, तेव्हा ती अग्नीत जळून पुन्हा जन्म घेणारी बाई आहे असे निघाले. म्हणजे व्हॅम्पायर येण्याआधीच मालिका टप्प्याटप्प्याने अलौकिकाकडे सरकली होती. प्रेक्षकसंख्या बेताचीच होती, मालिका बंद पडण्याची भीती होती, आणि त्या पडझडीत कर्टिसने बार्नबसला थोड्या आठवड्यांसाठी आणले. तो राहिला, आणि शाळेतून घरी धावत येणारी मुले मालिकेचा नवा प्रेक्षकवर्ग झाली.

एलिझाबेथच्या कोंडवाड्याचे उत्तर १९६७ च्या उन्हाळ्यात मिळाले. आपण नवऱ्याला मारले आणि त्याचे प्रेत तळघरात पुरले आहे, अशी तिची अठरा वर्षांची समजूत होती. खोली उघडली, जमीन खणली, पेटी निघाली आणि ती रिकामी होती. तिला धमकावून पैसे उकळणाऱ्या माणसाने तिला फसवले होते. अलौकिकाचा लवलेश नसलेली ही उकल मालिकेतल्या उत्तम कथानकांपैकी एक आहे, पण तोवर बार्नबसची लोकप्रियता इतकी वाढली होती की तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. व्हिक्टोरियाच्या जन्माचे उत्तर तर कधी मिळालेच नाही. मोल्टके आणि बेनेट यांच्या चेहऱ्यातले साम्य, बँगॉरहून येणारे पैसे, एलिझाबेथची तिच्याविषयीची ओढ हे सारे एका दिशेने बोट दाखवते, तरी मालिकेने ते शब्दांत कधी मांडले नाही. १९६८ मध्ये मोल्टकेने मालिका सोडली, तिच्या जागी आलेल्या अभिनेत्री थोड्याच काळ टिकल्या आणि व्हिक्टोरिया भूतकाळात जाऊन कथेतून नाहीशी झाली. जिच्या प्रश्नाने मालिका सुरू झाली ती उत्तर न मिळताच गेली, ही या मालिकेची सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल.

पुढच्या आवृत्त्यांनी सुरुवात कायम ठेवली आणि बाकीचे बदलले. एनबीसीने १९९१ मध्ये केलेली नवी मालिका आणि टिम बर्टनचा २०१२ चा चित्रपट या दोन्हींत व्हिक्टोरिया आगगाडीने येते. दोन्हींत मात्र व्हॅम्पायर जवळजवळ लगेच कथेत शिरतो, कारण प्रेक्षक त्याच्यासाठी आला आहे हे बनवणाऱ्यांना माहीत होते. त्यामुळे घराची भीती वेगळी अशी जाणवतच नाही.

त्या काळच्या बहुतेक सोप ऑपेरांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यांचे हजारो भाग कायमचे गेले. ‘डार्क शॅडोज’ या बाबतीत अपवाद आहे. एक भाग सोडला तर पूर्ण मालिका टिकली, काही भाग टेपेऐवजी पडद्यावरून फिल्मवर उतरवलेल्या किनेस्कोप प्रतींच्या रूपात. गेलेल्या १२१९व्या भागाचाही आवाज उपलब्ध आहे. सुरुवातीचे २०९ भाग नंतर ‘द बिगिनिंग’ या नावाने डीव्हीडीवर आले आणि मालिका ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने पाहणे शक्य झाले. तसे पाहणाऱ्याने पहिल्या भागात रॉजर बहिणीशी बोलताना कोणता विषय टाळतो, गावातली माणसे बर्कशी बोलताना कुठे थांबतात आणि एलिझाबेथ दारापासून किती अंतरावर उभी राहते याकडे लक्ष द्यावे. पुढच्या दोनशे भागांचा बराचसा मजकूर त्यात आधीच सांगितलेला आहे.